पाहुणघराची कडी

फार पूर्वी, गावाला वेस आणि वेशीला दरवाजा असण्याच्या काळात, एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गाव लहानसंच, पण त्याची एक रीत लांबलांबच्या मुलखात ठाऊक होती. कुठे लढाई पेटली आणि तिथला एखादा पंडित, एखादा गवई, एखादा चितारी जीव मुठीत धरून पळाला, तर त्याला या गावात जागा मिळे. त्यासाठी एक घरच राखून ठेवलेलं होतं. त्याला म्हणत पाहुणघर.

पाहुण्याला वर्षभर डोक्यावर छप्पर मिळे, गावच्या कोठारातून धान्य मिळे, अंगावर घालायला कापड मिळे. बदल्यात गाव एवढंच म्हणे, "तुमचं काम चालू ठेवा. लिहायचं ते लिहा, गायचं ते गा." आजवर आलेल्या प्रत्येकाचं नाव आतल्या भिंतीवर गेरूनं लिहिलेलं होतं.

या घराची राखण एक विधवा बाई करी. तिला सगळे आक्का म्हणत. चूल पेटवणं, ओटा सारवणं, पाहुण्याला हवं-नको बघणं हे तिचं काम. आक्का मनानं चांगली होती, हाताला उरक होता. खोड एकच. कुणाला 'नाही' म्हणायचं तिच्या जिवावर येई. "जाऊ दे, एवढ्यानं काय होतंय," असं म्हणून ती पुष्कळ गोष्टी सोडून देई.

एका माघात नदीपलीकडच्या मुलखातून एक म्हातारी आली. पायांना चिंध्या गुंडाळलेल्या, पाठीवर कापडात बांधलेली चित्रांची पोथी. तिचं नाव येसाई. ती चित्रकथी होती. म्हणजे कागदावरची रंगीत चित्रं एकेक करून लोकांपुढे धरायची आणि त्यांची गोष्ट गाऊन सांगायची. तिचं सातबुरुजी नावाचं गाव लढाईत जळून गेलं होतं. काय घडलं, कुणाच्या घरात घडलं, कुणी केलं, हे सगळं तिनं चित्रांत काढायला घेतलं होतं. म्हणून ज्यांनी ते केलं, ते लोक तिच्या जिवावर उठले होते.

आक्कानं तिला न्हाऊ घातलं, गरम भाकरी वाढली, आणि भिंतीवर नाव लिहिलं: येसाई, चित्रकथी, सातबुरुजीची.

चारच दिवसांनी येसाईनं संध्याकाळी चौकात पहिला खेळ लावला. अख्खं गाव जमलं. चित्रामागून चित्र येत होतं. लग्नाचा मांडव, धान्याचं खळं, मग धूर. शेवटच्या चित्रात हातात मशाल घेतलेला एक माणूस होता, त्याचं तोंड अजून काढायचं राहिलं होतं. खेळ संपला तेव्हा बायका पदरानं डोळे पुसत होत्या. तेलीण उठली आणि तिनं येसाईपुढे तेलाचा बुधला ठेवला. "दिव्याला लागेल. रोज काढा चित्रं," ती म्हणाली.

असे दोन महिने गेले. मग चैत्र लागला.

चैत्रातल्या एका भर दुपारी आक्का ओढ्यावरून धुणं घेऊन परतत होती. वाट तापलेली, रानात चिटपाखरू नाही. वेशीबाहेर चिंचेचं मोठं झाड होतं, त्याच्या सावलीला कुत्री पडून असत. आज कुत्री नव्हती. झाडाशेजारी, सावली सोडून बरोबर उन्हात, एक माणूस उभा होता. पांढरे स्वच्छ कपडे. वाटेवर घोटाभर धूळ, पण त्याच्या पायांना धुळीचा कण नव्हता.

"आक्के, पाय भाजतायत ना गं?" तो म्हणाला.

आक्काच्या हातातला पिळा खाली पडला. तिला 'आक्के' म्हणणारा जगात एकच होता. तिचा पाठचा भाऊ. तो तापानं जाऊन अकरा वर्षं झाली होती. आवाज तोच, हेल तोच.

"कोण तुम्ही?" तिनं विचारलं.

"मी कुणाच्या गावात न बोलावता शिरत नाही," तो हसून म्हणाला. "इथूनच बोलतो. तुमची पाहुणी बरी आहे ना? चांगलं करताय तुम्ही. तिला ठेवा, जेवूखाऊ घाला. फक्त एवढंच, ती चित्रं चौकात कशाला? पलीकडच्या लोकांची मनं दुखतात. घरात दाखवा की. तिलाही जपून राहिलेलं बरं."

आक्कानं खाली वाकून पिळा उचलला. वर पाहिलं तर वाट रिकामी. आणि तिच्या लक्षात आलं की इतका वेळ समोर उभा असूनही त्या माणसाचं तोंड कसं होतं, ते तिला आठवत नव्हतं.

तिनं ही गोष्ट पाटलांना सांगितली. पाटील सज्जन माणूस, पण गावाला कुठली झळ लागू नये म्हणून सदा धास्तावलेला.

"मलाही काल भेटला तो," पाटील हळूच म्हणाले. "शेताच्या बांधावर. आवाज अगदी आमच्या वडलांसारखा. अगं, तो काही वावगं बोलत नाही. आपण बाईला हाकलतोय का? नाही. घरात दाखवू दे चित्रं."

'जाऊ दे,' आक्काच्या मनात आलं. 'चौक काय नि घर काय.' तिनं येसाईला तसं सांगितलं. येसाईनं रंग खलायचं थांबवलं. मग म्हणाली, "तुमचं गाव, तुमची रीत." आणि ती पुन्हा रंग खलायला बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माणूस वेशीच्या आत, विहिरीपाशी उभा होता.

तो आत येताना कुणी पाहिला नव्हता. बायका पाणी ओढत होत्या. रहाट फिरत होता, पण रोज कर्रकर्र करणारा तो रहाट आवाजच करेना. घागर काठावर आपटली, तिचाही आवाज आला नाही. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं आणि कारण नसताना सगळ्या कुजबुजत बोलायला लागल्या.

"आक्के," तो म्हणाला, "त्या शेवटच्या चित्रातला मशालवाला. त्याचं तोंड तिनं काढू नये. बाकी सगळं काढू दे, मी कुठं नको म्हणतोय? एवढंसं तोंड, सुपारीएवढं. राहिलं कोरं तर काय बिघडलं?"

पाटलांकडे पंच जमले. प्रत्येकाला तो माणूस कुठे ना कुठे भेटला होता. पाटील म्हणाले उंच आहे, तेलीण म्हणाली ठेंगणा. पंतोजींशी तो त्यांच्या गुरूच्या आवाजात बोलला होता, तेलिणीशी तिच्या आईच्या. तोंड मात्र कुणालाच सांगता येईना.

"हा चकवा आहे," तेलीण म्हणाली.

"चकवा रानात असतो. हा गावात आहे," पंतोजी म्हणाले. अखेर ठरलं की सुपारीएवढ्या तोंडावरून वाद नको.

येसाईनं तेही ऐकून घेतलं. तिनं कुंचला धुतला आणि पालथा घालून ठेवला.

मग तो माणूस चौकातल्या पारावर दिसायला लागला. तो बसे तिथे दुपारी पाखरं उतरत नसत. देवळातली घंटा वाजवली तर ओल्या लाकडासारखी भद्द वाजे. पोरं खेळत, पण त्यांच्या खेळात ओरडा नव्हता. लोक आपापली दारं लोटून घेऊन घरात बसत आणि आपण कशाला भितोय हे एकमेकांना विचारतही नसत.

तिसऱ्या वेळी त्यानं मागितलं ते तर त्याहून लहान होतं.

"भिंतीवरचं तिचं नाव पुसून टाक गं," तो म्हणाला. "ती राहू दे. नाव कशाला? कुणी विचारलंच तर तुम्हाला सांगता येईल की अशी कुणी आलीच नव्हती. गावाचाच फायदा."

या वेळी आक्का पाटलांकडेही गेली नाही. येसाई अंघोळीला गेलेली पाहून तिनं ओलं फडकं घेतलं आणि नाव पुसलं. गेरू सहज निघाला. फडकं लाल झालं. तिनं ते तीन वेळा धुतलं, पण लाली काही जाईना, म्हणून चुलीत घातलं.

येसाई आली. तिनं भिंतीवरच्या ओल्या डागाकडे पाहिलं. त्या दिवशी तिनं जेवणही अर्ध्यावरच टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्कानं दार उघडलं तर तो माणूस पाहुणघराच्या ओट्यावर बसला होता. खांबाला टेकून, मांडी घालून, घरच्यासारखा.

ती मागच्या दारानं पळत पाटलांकडे गेली. पाटील ओसरीवर बसले होते. त्यांनी तिच्याकडे न पाहताच बोलायला सुरुवात केली.

"उद्या दुपारी आमच्याकडे पापड लाटायला ये. बाया कमी पडतायत."

"पाटील, तो ओट्यावर येऊन बसलाय!"

"ठाऊक आहे. त्याचं आता एकच म्हणणं आहे. मग तो कायमचा जाणार." पाटील सुपारी कातरत होते, पण अडकित्त्याचा आवाज येत नव्हता. "तू काही करायचं नाहीस. मी काही करायचं नाही. तू पापड लाटायला निघशील. घाईत माणूस कडी लावायला विसरतो. विसरतो की नाही?"

आक्का उभी होती तिथेच थिजली. "म्हणजे म्हातारीला—"

"मी काही म्हणालो नाही," पाटील म्हणाले. "तूही काही ऐकलं नाहीस. जा आता."

आक्का घरी आली. तिच्यानं चूल पेटवेना. येसाई भिंतीशी बसून एका चित्रात निळा रंग भरत होती. आक्का तिच्यापुढे मटकन बसली आणि तिनं पहिल्यापासून सगळं सांगून टाकलं. चिंचेखालचं, विहिरीवरचं, पुसलेल्या नावाचं, उद्याच्या कडीचं.

येसाईनं कुंचला खाली ठेवला. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"मग बोलला का नाहीत?"

"आक्का, मी पाहुणी. पाहुण्यानं घरच्यांना दार लावा म्हणून कसं सांगावं?" तिनं पोथीतून एक चित्र काढलं. गावाचा मोठा दरवाजा, धड, न मोडलेला. आत धूर. "सगळे म्हणतात, सातबुरुजीचा दरवाजा फौजेनं फोडला. आमचा दरवाजा कुणी फोडला नाही. तो उघडा होता. आमच्याकडेही हा असाच आला. पहिल्यांदा म्हणाला, तुमच्यातल्या कवीला चौकात गाऊ देऊ नका. मग एक ओळ गाळा म्हणाला. आम्ही म्हटलं, एक ओळच ना?"

"त्या कवीचं काय झालं?"

"आमचं सगळ्यांचं झालं तेच."

येसाईनं ते चित्र पुन्हा पोथीत ठेवलं. मग येसाई म्हणाली, "माझ्यासाठी तुम्ही गाव पणाला लावा, असं मी म्हणणार नाही. मागच्या दारानं डोंगर चढून जाईन. पोथी तेवढी ठेवून घ्या."

आक्का 'हो' म्हणाली नाही आणि 'नाही'ही म्हणाली नाही.

दुसरा दिवस उजाडला. ऊन चढलं. पाटलांकडून पापडासाठी दोनदा बोलावणं येऊन गेलं. आक्का उठली, तिनं पोळपाट-लाटणं घेतलं, पदर खोचला आणि दार उघडलं.

तो ओट्यावर होता. आज तो बसला नव्हता, आडवा पडला होता, गुडघे पोटाशी घेऊन. तिचा भाऊ शेवटच्या तापात तसाच पडे.

"आक्के," तो क्षीण आवाजात म्हणाला, "पाणी दे गं."

आक्काच्या हातातून लाटणं गळून पडलं. भाऊ शेवटच्या दिवशी दिवसभर हेच म्हणत होता. वैद्यानं पाणी द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि तिनं दिलं नव्हतं. अकरा वर्षं झाली, पण माठातलं पाणी घेताना एकही दिवस तिला ते आठवलं नाही असं झालं नव्हतं.

"त्या दिवशी दिलं नाहीस," तो म्हणाला. "आज तरी दे. आत जाऊन घेऊन ये. जाताना दार ओढू नकोस एवढंच. मला तू दिसत राहा."

आक्का वळली. दोन पावलं आत गेली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तांब्या हातात होता, माठ पुढ्यात होता. कोपऱ्यात येसाई पोथी पोटाशी धरून उभी होती. तिच्या पायांना ओली हळद लावलेली होती, चालून चालून पडलेल्या भेगा अजून भरल्या नव्हत्या.

आक्कानं तांब्या खाली ठेवला. ती परत दाराशी आली आणि उंबरठ्यावर उभी राहिली.

"माझ्या भावानं पाणी मागितलं होतं," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण मोठा होता. "त्यानं कुणाचं दार उघडं ठेवायला सांगितलं नव्हतं. तू तो नाहीस. नाही. मी नाही देणार."

उभ्या जन्मात तिनं इतक्या मोठ्यानं 'नाही' म्हटलं नव्हतं. ओट्यावरचा माणूस उठून बसला. कण्हणं थांबलं. पण तो उठून गेला नाही.

तिनं दार लावून घेतलं. कडी घातली.

"कडीनं तो आत येणार नाही," मागून येसाई म्हणाली. "पण ओट्यावरून हलणारही नाही. उद्या दुसऱ्या कुणाकडे मागेल."

"मग दार उघडायलाच हवं," आक्का म्हणाली. "पण त्याच्यासाठी नाही."

तिनं गेरूची वाटी घेतली आणि भिंतीवर, त्याच डागावर, पुन्हा नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. मग तिनं चित्रांची पोथी स्वतःच्या डोक्यावर घेतली, येसाईचा हात धरला, दार उघडलं आणि त्या माणसाच्या अगदी अंगावरून दोघी चौकात आल्या.

भर दुपार. सगळी दारं लोटलेली. आक्का चौकाच्या मध्यावर उभी राहून ओरडली.

"बाहेर या! ही येसाई आहे, चित्रकथी, सातबुरुजीची! हिचं नाव मी पुसलं, माझ्या हातानं! चौक मी बंद केला! बाहेर या आणि बघा!"

बराच वेळ कुणी आलं नाही. दारांच्या फटींतून डोळे तेवढे दिसत होते. मग तेलीण आली, हातातलं काम तसंच टाकून. तिच्यामागून पंतोजी आले. मग एकेक करून माणसं आली आणि लांब, भिंतींना पाठ लावून उभी राहिली. तो माणूसही ओट्यावरून उठून पाराशी येऊन थांबला होता.

येसाईनं खेळ लावला. म्हातारा आवाज फाटत होता. मांडव, खळं, धूर. शेवटचं चित्र तिनं वर धरलं. मशाल, हात, धड, आणि तोंडाच्या जागी कोरा कागद.

"एवढं राहिलंय," ती म्हणाली. "गाव म्हणेल तर भरते."

पाराशी उभा असलेला तो प्रत्येकाच्या कानात बोलत होता. कुणाला आई ऐकू येत होती, कुणाला गुरू. 'एवढंसंच आहे रे, सुपारीएवढं.'

"भरा," तेलीण म्हणाली आणि तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"भरा," पंतोजी म्हणाले.

मग कुंभार म्हणाला, त्याची बायको म्हणाली, आणि भिंतीला टेकलेली माणसं पुढे सरकली. येसाईनं कुंचला काजळीत बुडवला. दोन भुवया, एक वाकडं नाक, गालावर देवीचे व्रण. जसजसं तोंड कागदावर उमटत गेलं, तसतशी माणसं एकदा चित्राकडे, एकदा पाराकडे पाहायला लागली.

आता तो सगळ्यांना सारखाच दिसत होता. राक्षस नाही, भूत नाही. पन्नाशीचा एक साधा माणूस, कुणाचाही शेजारी शोभेल असा, कपाळावर घाम आलेला. आणि तो एक पाय वर करत होता, मग दुसरा. त्याचे पाय भाजायला लागले होते.

तो काही बोलायला गेला, पण आवाज त्याचा स्वतःचा निघाला, घोगरा, कुणाच्याही ओळखीचा नसलेला. त्यानं मान खाली घातली आणि तापलेल्या वाटेवरून, पाय उचलत उचलत, तो वेशीबाहेर गेला. त्याच्यामागे कुत्री भुंकत गेली. विहिरीवर कुणीतरी रहाट फिरवला, आणि तो इतक्या जोरात करकरला की एक लहान पोर दचकून रडायला लागलं.

येसाई त्या वर्षी राहिली. लढाई संपली नाही, म्हणून पुढच्या वर्षीही राहिली. ती चित्रं दाखवत होती आणि ऐकणारे त्यांची गोष्ट गावोगाव सांगत होते.

पण सगळ्यांचंच निभावलं असं मात्र नाही. त्या दुपारी पाटील चौकात आले नव्हते. ते पापड वाळत घातलेल्या ओसरीवर, कान देऊन बसले होते. सहा महिन्यांनी ते एकदा पाहुणघरी आले. खंगून निम्मे झाले होते.

"आक्का," ते म्हणाले, "तो गावातून गेला ना?"

"गेला. सगळ्यांनी पाहिला."

"माझ्या ओसरीवर दुपारी कुणीतरी बसतं. दिसत नाही. पण सुपारी कातरायला घेतली की अडकित्ता वाजत नाही. वडलांच्या आवाजात म्हणतं, दार लोटू नकोस. काय करू?"

आक्काला त्यांची दया आली. तिनं त्यांना पाणी दिलं, बसायला पाट दिला.

"चौकात या, पाटील," ती म्हणाली. "काय दिलं होतं त्याला, ते चारचौघांत मोठ्यानं सांगा. मी सांगितलं तेव्हा तो माझ्या ओट्यावरून उठला."

पाटलांनी मान डोलावली. पाणी प्यायले. "उद्या येतो," म्हणाले.

गाव अजून त्यांची वाट बघतंय.

तात्पर्य: आसरा द्यायचा तर अख्खा द्यावा. त्यातला चिमूटभर मागणाऱ्याला चिमूट नको असते, त्याला आपलं घर हवं असतं.